आधी निष्ठा, मग ध्येय

आपण ध्येय लिहितो: नोकरी, घर, गाडी. त्यातली आपली किती, शेजाऱ्यांची पाहून घेतलेली किती?

कर्मवीर भाऊराव पाटील पूर्वी सांगलीकडच्या किर्लोस्करांचे आणि कराडजवळच्या ओगल्यांच्या काच कारखान्याचे फिरते विक्रेते होते. पण सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एका पंगतीत जेवावे आणि शिकावे, ही त्यांची निष्ठा. त्यातूनच १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले.

मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रही गेले. ध्येय भाऊरावांचे, किंमत वहिनींनीही मोजली. हे आपण फार कमी बोलतो.

तेव्हा आज लिहिलेला कागद घरी नेऊन आधी वाचून दाखवा.