संपर्कक्षेत्राबाहेर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालेल्या अभियंत्याने शाळेच्या महोत्सवात काय बोलावे, असा प्रश्न मला पडला असता. परंतु संयोजकांनी निमंत्रणाबरोबर विषयही धाडला. आपली मुले सुट्टीत लडाखला, स्पितीला जातात, चार-चार दिवस त्यांचा फोन लागत नाही; तेव्हा घरच्यांनी काय समजावे, ते सांगा, असा त्यांचा आग्रह आहे.

आपल्या देशात परगावी थेट फोन लावण्याची सोय १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांच्या दरम्यान सुरू झाली. ही शाळा उभी राहिली त्या काळात बहुतेकांच्या वाट्याला ट्रंक कॉल आणि तार एवढेच होते. प्रवासी पोहोचल्याचे पोस्टकार्ड टाकी. मग तो परतेपर्यंत काही कळले नाही, तर सर्व क्षेमकुशल आहे असेच घर समजत असे. तार आली की मात्र हात थरथरत. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, आणि आता दोन तास फोन लागला नाही की घराचे हात थरथरतात. यंत्रे बदलली यापेक्षा मौनाचा अर्थ उलटा झाला, हे मला अधिक गंभीर वाटते.

फोन का लागत नाही? मोबाइल हे मूलतः थोड्या पल्ल्याचे रेडिओयंत्र आहे. मनोरा काही किलोमीटरच्या आत हवा आणि मध्ये डोंगर नको. हिमालयात एक वळण घेतले की डोंगर मध्ये येतोच. स्पितीतल्या ग्यू या गावात मोबाइलसेवा पोहोचली ती २०२४च्या एप्रिलमध्ये. शिवाय इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. मुलगा लेहला उतरल्यापासून 'संपर्कक्षेत्राबाहेर' असेल, तर पुष्कळदा कारण एवढेच असते.

मग उपग्रह-फोन का नेऊ नये, असे हमखास विचारले जाते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, म्हणून बोलणारे एकमेकांचे शब्द तोडत राहतात. आपल्याकडून पाहता तो दक्षिणेला दिसतो. अरुंद दरीत दक्षिणेकडे उंच कडा असेल, तर आकाश निरभ्र असूनही संपर्क होत नाही. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून फिरत असतात, त्यामुळे एक कड्याआड गेला तरी दुसरा येतो. पण भारतात परवानगीशिवाय तो फोन बाळगणे हा गुन्हा आहे. २००८च्या मुंबई हल्ल्यातील अतिरेक्यांकडे उपग्रह-फोन होता, हे आपण जाणताच. संदेश पाठवणारी लहान उपग्रह-यंत्रेही या बंदीतून सुटत नाहीत. ती सामानात सापडल्याने परदेशी गिर्यारोहक विमानतळावर अडकले आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कायदेशीर मार्ग आहे तो बीएसएनएलच्या इनमारसॅट सेवेचा, आणि त्यालाही परवानगी लागतेच. माझ्या मते, सुरक्षेची काळजी रास्त असली तरी नोंदणीकृत गिर्यारोहकांसाठी ही वाट सोपी करायला हवी.

संपर्क नसण्याची खरी किंमत मात्र पर्यटकांनी मोजलेली नाही. ती मच्छीमारांनी मोजली. २०१७च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ उठले, तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कित्येक बोटी खोल समुद्रात होत्या. मोबाइल किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरपर्यंतच चालतो. इशारा निघाला, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. भरकटत आलेल्या बोटींतून ९००हून अधिक मच्छीमार आपल्या देवगडच्या किनाऱ्याला लागले. कित्येक परतलेच नाहीत. पुढे २०१९ साली 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र आले. 'गगन' उपग्रहांवरून ते वादळाचा इशारा मच्छीमाराच्या मोबाइलवर उतरवते. पण त्याला उलट उत्तर देता येत नाही. इस्रोच्या संकटसूचक यंत्राची दुसरी आवृत्ती २०२४च्या जानेवारीत आली. तिच्यात 'तुमची हाक पोहोचली' अशी पोच बोटीवर परत येते. बुडणाऱ्या माणसाला ही पोच मिळणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर बसून आपल्याला पुरते कळणार नाही.

आता घरच्या व्यवहाराकडे येतो. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी एक कागद लिहून घरी ठेवावा : कुठल्या वाटेने जाणार, मुक्काम कुठे, बरोबर कोण, गाडीचा क्रमांक, आणि पुढचा फोन कुठल्या गावातून कुठल्या दिवशी येईल. त्याखाली आणखी एक ओळ हवी, तीच बहुधा राहून जाते : त्या दिवसानंतर किती तास वाट पाहायची आणि मग कोणाला कळवायचे. दरड कोसळली की स्पितीचा रस्ता दिवसभर बंद राहतो, तेव्हा एक पूर्ण दिवस तरी हातचा धरावा. ती वेळ येईपर्यंत घरच्यांनी दर अर्ध्या तासाला फोन लावू नये. त्याने लागणारा फोन लागत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.

वाटेत फोन विमान-अवस्थेत ठेवावा, कारण मनोरा शोधण्यातच बॅटरी संपते. थंडीत ती आणखी लवकर उतरते. रात्री फोन झोपण्याच्या पिशवीत, अंगाशी घ्यावा. नकाशे आधीच उतरवून घेतले, तर जीपीएस मनोऱ्याविनाही जागा दाखवते. रेघ अगदी क्षीण असेल तेव्हा बोलण्याचा हट्ट धरू नये. जिथे बोलणे होत नाही तिथून साधा एसएमएस पुष्कळदा जातो. संकटात ११२ लावावा. आपल्या कंपनीचा मनोरा नसला तरी दुसऱ्या कोणाचा असल्यास तो लागू शकतो.

त्या कागदाचा एक नमुना मी टंकलिखित करून आणला आहे. प्रती बाईंच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जावी. मे महिन्यात मुलांची सहल निघणार आहे असे ऐकतो. पहिली प्रत सहलीच्या शिक्षकांनी भरावी.