अंडी गेली कुठं?



दिवाळी सरली की आमच्या गटाच्या बैठकीत दरवर्षी एकच तक्रार यायची, "कोंबड्या पोटभर खातात, पण अंडी देत नाहीत." मागच्या हिवाळ्यात तर एका सासूबाईंनी सुनेवरच संशय घेतला, की ही अंडी परस्पर विकते. सून भर बैठकीत रडली. मग आम्ही गटाची अंड्यांची वही काढली. बघतो तर काय, सगळ्यांच्याच घरची अंडी एकाच सुमारास कमी झालेली! चोरी कुणीच केली नव्हती. दिवस लहान झाला होता.

आपल्याकडे जूनमध्ये दिवस 13 तासांहून थोडा मोठा असतो. डिसेंबरात तो 11 तासांवर येतो. आपल्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कोंबडीला जाणवतो. उजेड तिच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. तो पुरेसा वेळ मिळाला की मेंदूतून संप्रेरकं सुटतात आणि अंडी तयार होतात. दिवस आखडला की हे काम मंदावतं, पिसंही झडतात.

हॅमस्टर नावाचा उंदराच्या जातकुळीतला एक छोटा प्राणी आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्यावर हाच अभ्यास केला. सीरियाकडच्या हॅमस्टरला रोज साडेबारा तासांपेक्षा कमी उजेड मिळत राहिला, की काही आठवड्यांत नराचे वृषण आकसतात, मादी माजावर येत नाही. खोली उबदार असली, दाणा भरपूर असला तरी हेच होतं. रात्र लांबली की मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक जास्त वेळ सोडते, त्यावरून शरीराला ऋतू कळतो. कडाक्याच्या थंडीत पिल्लं जगणार कशी? म्हणून ही निसर्गाची सोय.

आता आपण काय करायचं? अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाचा आणि बल्बचा मिळून 14 ते 16 तास उजेड हवा. खुराड्यात एक छोटा बल्ब पुरतो. तो पहाटे लावा, म्हणजे संध्याकाळी अंधार हळूहळू पडतो आणि कोंबड्या आपापल्या जागी बसतात. एकदम तीन तास वाढवू नका, आठवड्याला अर्धा तास वाढवा. वेळ रोज तीच ठेवा. मध्येच बंद केलात तर अंडी पुन्हा घटतील. रात्रभर मात्र लावू नका, तिलाही झोप हवी. आणि वाढत्या तलंगांना जादा उजेड देऊ नका. त्या अंगानं भरायच्या आधीच अंड्यावर येतात, मग अंडी बारीक पडतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

उजेड देऊनही अंडी वाढली नाहीत, तर खाद्य, जंत, आजार आणि कोंबडीचं वय बघा. गावठी कोंबडी खुडूक बसली असेल, तर तेव्हाही ती अंडी देत नाही.

बल्ब लावणं जमत नसेल, तर कोंबडीला विश्रांती घेऊ द्या. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून अंडी भरपूर असतात तेव्हाच हिवाळ्याच्या हप्त्याचे पैसे बाजूला काढा.

त्या सासूबाईंनी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सुनेचा हात धरला, "चुकलं माझं" म्हणाल्या. आता पहाटेचा बल्ब त्याच लावतात. मैत्रिणींनो, वही रोज लिहा. घरातल्या बाईवर बोट ठेवण्याआधी ती एकदा उघडून बघा.