लॅपटॉप कोरा करताना
(तासगाव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी लॅपटॉपवर बोलणार म्हटल्यावर पुढे बसलेल्या दोघी हसल्या. हसणं साहजिक आहे. मी काही इंजिनियर नाही. माझं काम रजिस्टर आणि पेनानं सुरू झालं. पण गेल्या वर्षी आमच्या गटाच्या हातून एक चूक झाली. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून मी उभी आहे.

आमच्या सल्ला केंद्रात एक जुना लॅपटॉप होता. पाच वर्षं त्यावर आम्ही केसच्या नोंदी केल्या. कोण आली, कुठल्या गावाहून, नवऱ्यानं काय केलं, आता ती कुणाकडे राहते, सगळं त्यात होतं. नवा लॅपटॉप मिळाल्यावर ठरलं की जुना एका गरजू मुलीला द्यायचा. तिची आई बेदाणा निवडायला जाते आणि मुलगी कॉलेजात शिकते. आम्ही नोंदींचं फोल्डर काढून टाकलं, कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि लॅपटॉप तिच्या हातात दिला. चांगलं काम केलं म्हणून त्या दिवशी चहाही घेतला.

आठ दिवसांनी ती परत आली. लॅपटॉप ओढणीत गुंडाळलेला. म्हणाली, "ताई, माझ्या भावानं ह्यात कसलं तरी सॉफ्टवेअर टाकलं, तर जुन्या फायली वर आल्या. ह्यात बायांची नावं हायत. मी पुढं काय बघितलं न्हाई. भावालाबी बघू दिलं न्हाई."

मैत्रिणींनो, त्या नावांमधली एक तिच्याच गल्लीतली होती. ही मुलगी शहाणी म्हणून आम्ही वाचलो. पण बायांची अब्रू आणि सुरक्षितता दुसऱ्या कुणाच्या शहाणपणावर सोडायची का?

असं होतं कसं, ते समजून घेऊ. फाईल 'डिलीट' केली की ती पुसली जाते, असं आपल्याला वाटतं. जाडजूड खातेवहीचं अनुक्रमणिकेचं पान तेवढं फाडलं, तर आतली पानं कुठे जातात? तिथेच राहतात. संगणक फक्त एवढंच लक्षात ठेवतो की ही पानं आता पुन्हा वापरायला मोकळी आहेत. त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं वाचता येऊ शकतं.

म्हणून लॅपटॉप दुसऱ्याला देताना, विकताना किंवा दुसऱ्याकडून घेताना तो मुळापासून कोरा करायचा. याला 'फॅक्टरी रिसेट' म्हणतात. विंडोज ११ असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये जा, तिथे 'सिस्टिम', मग 'रिकव्हरी', मग 'रिसेट धिस पीसी'. विंडोज १० मध्ये हेच 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात असू द्या.

पुढे दोन वाटा दिसतात. 'कीप माय फाइल्स' म्हणजे प्रोग्रॅम जातील, फायली राहतील. ही वाट देण्या-घेण्यासाठी नाही. आपल्याला हवी ती 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. तेवढ्यावर थांबू नका. 'चेंज सेटिंग्ज'वर जाऊन 'क्लीन डेटा'ला 'येस' म्हणा. आम्ही तेव्हा हे केलं असतं, तर खातेवहीची पानंसुद्धा पुसली गेली असती. याला काही तास लागू शकतात. चार्जर लावून ठेवा आणि लाईट जायच्या वेळेला सुरू करू नका.

आता सुरू करण्याआधीची तयारी. नोंदी पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आपल्या जुन्या संस्थांना एक खास सूचना. कित्येकींचे अहवाल, निवेदनं, अंकांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. रिसेटनंतर ते फॉन्ट जातात, आणि मराठी मजकुराच्या जागी नुसती अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून फॉन्टचं सॉफ्टवेअर हाताशी ठेवा, नाहीतर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. वीस-पंचवीस वर्षांचं काम असं वाचता न येण्याजोगं होऊ देऊ नका.

आता दुसरी बाजू. एक बाई केंद्रात आली. पगारातून हप्ते भरून तिनं लॅपटॉप घेतला होता, पण तो सुरू करून दिला नवऱ्यानं, स्वतःच्या खात्यावर. आपण काय बघतो, कुणाला लिहितो हे त्याला कळतं, असा तिला संशय होता. ती म्हणाली, "ताई, आत्ताच्या आत्ता सगळं पुसून द्या." आमची एक मुलगी बटण दाबायलाच निघाली होती. मी थांबवलं.

का थांबवलं? एक, पुरावा. त्या मशीनवर धमक्यांचे मेल असतील, पाळत ठेवणारा प्रोग्रॅम असेल, तर रिसेटनं तोही जातो. बाई इंटरनेट, ई-मेल कसं वापरते यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातला पुरावा दाखल करायला प्रमाणपत्र लागतं. म्हणून आधी वकिलाला विचारा, पोलिसांकडे किंवा १९३० या सायबर हेल्पलाईनवर जा, मगच पुसायचं बघा.

दोन, तिची सुरक्षितता. ज्याला रोज सगळं दिसत होतं, त्याला एकाएकी काहीच दिसेनासं झालं तर तो काय करेल? ती त्याच घरात राहते की बाहेर पडली आहे, हे आधी बघायला हवं. तोवर मदतीचे फोन, मेल दुसऱ्या, विश्वासाच्या मशीनवरून करावेत. महिलांसाठीची १८१ हेल्पलाईनही आहे.

तीन, चावी. काही लॅपटॉपवर 'बिटलॉकर'चं कुलूप असतं आणि मध्येच ४८ आकडी चावी मागितली जाते. लॅपटॉप नवऱ्याच्या खात्यावर सुरू केलेला असेल, तर ती चावीही बहुधा त्याच्याच खात्यात असते.

आम्ही महिनाभर थांबलो. ती माहेरी पोचली, कागदपत्रं वकिलाकडे गेली, त्यानंतर लॅपटॉप कोरा केला. पुन्हा सुरू करताना खातं तिच्या नावाचं, पासवर्ड तिचा. हेही सांगते, कारण रिसेटनं सगळं संपत नाही. मेलचे जुने पासवर्ड तेच राहिले, फोनवरून व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं काढली नाहीत, तर दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होतं. आणि रागाच्या भरात नवऱ्यानं तिचा लॅपटॉप दाबून ठेवला, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९(८) खाली स्वतःची मालमत्ता परत मागता येते. खरेदीची पावती जपून ठेवा.

या सांगली-सातारा भागात परित्यक्ता बायांनी संघटित होऊन स्वतःच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड मागितलं होतं. तेव्हाही लोक म्हणायचे, एवढ्याशा कार्डानं काय होतं? पण त्या कार्डावर घरप्रमुख म्हणून तिचं नाव लागणं हीच तर मोठी गोष्ट होती. लॅपटॉपच्या पहिल्या पडद्यावर कुणाचं नाव लिहायचं, हा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो.

आता घरी गेल्यावर एक करा. आपापल्या केंद्रातलं जुनं मशीन कपाटातून काढा. त्यात कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. त्या बायांनी आपल्यावर विश्वास टाकून ती सांगितली होती. जपायची नावं नीट जपा, पुसायची नीट पुसा. आणि कसं करायचं ते दोघी-तिघींनी मिळून शिका. एकट्या 'संगणकवाल्या' पोरावर सोडू नका.

ती कॉलेजची मुलगी आता दर शनिवारी केंद्रात येते. आमच्या मशीन तीच बघते. तिला दिलेला लॅपटॉप आम्ही तिच्यासमोर बसून कोरा केला, आणि या वेळी तिनंच आम्हाला शिकवलं.