गोळी लहान, शिस्त मोठी



आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नव्हे. बोलणार आहोत ते अनुभवाचे. दोन वर्षे आम्हाला थकवा जाणवे, थंडी सोसत नसे, वजन वाढत होते. काउंटरवर बेरीज चुकू लागली. लोक म्हणाले, आळस! रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले निघाले. थायरॉइड ग्रंथी मंदावली होती.

डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी दिली. चार महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही मनानेच गोळी सोडली. हीच आमची चूक. रिपोर्ट सुधारला होता तो गोळीमुळे. ग्रंथी बरी झाली नव्हती. काही महिन्यांत तोच थकवा परतला.

आता नियम पाळतो. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी. चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने, कारण त्या थायरॉक्सिन शोषू देत नाहीत. डोस बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी. बायोटिन घेत असल्यास डॉक्टरांना सांगून ते तपासणीपूर्वी दोन दिवस थांबवावे, नाहीतर आकडे चुकतात. आयोडीनयुक्त मीठ पुरे. जादा आयोडीन मनाने घेऊ नये.

हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो. गरोदरपणी डोस बहुधा वाढवावा लागतो. म्हणून लगेच डॉक्टरांना भेटावे. विद्यार्थी मित्रांनो, आई सतत थकलेली दिसली तर तिला आळशी म्हणू नका, तिची रक्ततपासणी करवून घ्या.