क्लब कोणाचा?

(भिलई येथे कामगारांच्या क्रीडाविषयक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामगारांच्या सभेत आम्ही नेहमी वेतनकरार, बोनस, कंत्राटी कामगारांची कायमगिरी यांवर बोलतो. आज फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. परंतु आजचा आमचा प्रश्नही जुनाच आहे. जी गोष्ट कामगारांच्या घामावर उभी राहते, ती मालकीने कोणाची असते?

ही भिलई खेळाला नवखी नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आपली मराठी माणसे येथे आली. तशीच बंगाल, केरळ, आंध्र, पंजाबातूनही आली. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण चेंडू सर्वांना कळत होता. सेक्टरांच्या मैदानांवर पहिली पाळी सुटल्यावर जी ओळख झाली, तीच पुढे संघटनेच्या कामी आली. म्हणून खेळ ही आमच्या दृष्टीने फावल्या वेळाची गोष्ट नाही.

आज मात्र चित्र बदलले आहे. 'सेल'मध्ये एकेकाळी दोन लाखांहून अधिक कायम कामगार होते. आता ती संख्या एक तृतीयांशाहूनही कमी झाली आहे. भरतीच आटली की खेळाडूंची भरतीही आटते. क्रीडा कोट्यातून नोकरी मिळेल या आशेवर मैदानात उतरणाऱ्या मुलाला आपण काय सांगणार? आणि कंपनीच्या नावावर उभा राहिलेला संघ कंपनीने हात काढल्यावर कोठे जाणार? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी मुंबईकडे पाहू.

मुंबईत फुटबॉल बहुतांशी कंपन्यांचा होता. टाटा, मफतलाल, ओर्के, महिंद्र, एअर इंडिया, बँका, रेल्वे अशी नावे कूपरेजच्या मैदानावर वर्षानुवर्षे ऐकू येत. गरिबाघरचा मुलगा चांगला खेळला तर त्याला नोकरी मिळे, घर चाले. हे मोठे काम होते आणि ते आम्ही नाकारत नाही. पण १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि गिरण्यांच्या नावाने चालणारे खेळही त्यांच्यामागोमाग गेले.

जे संघ त्यानंतर टिकले, त्यांचे काय झाले? महिंद्रचा संघ १९६२ सालचा. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. म्हणजे तो हरत होता, तोट्यात बुडाला होता, असे काही नव्हते. तरीही २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला; यापुढे शालेय फुटबॉलवर भर देणार, असे सांगितले. पंजाबात फगवाड्याच्या कापड कारखान्याचा जेसीटी संघ १९९६-९७ च्या पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता. तोही २०११ मध्ये बंद झाला. कंपनीच्या धोरणात बसले तोवर संघ, बसले नाही की नाही. कायदेशीरपणे त्यांना तो अधिकार होता, कारण संघ त्यांचाच होता.

एअर इंडियाचा संघ तर कधी फार मोठा नव्हता. २००७ साली सुरू झालेल्या आय-लीगमध्ये तो बहुधा तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात असायचा. पण बिमल घोष यांच्यासारख्या प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे तेथे तरुण मुले घडवली. त्यांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खालिद जमील हेही त्या संघातून खेळलेले. २०१३ मध्ये मात्र आशियाई महासंघाच्या परवाना-नियमांत बसत नाही म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन्ही संघांना आय-लीगबाहेर काढण्यात आले. नियम सांगत होता की क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, खात्याचा एक विभाग नव्हे. नियम कठोर होता, पण त्याने दुखऱ्या जागी बोट ठेवले. खात्याचा विभाग असलेल्या संघाला स्वतःचे अस्तित्वच नसते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ही कंपनीच खासगी हातात गेली.

आता जरा दूर जाऊ. जगातले कित्येक नामांकित क्लब कारखान्यांतच जन्मले. लंडनच्या वुलविच येथील सरकारी तोफखान्यात १८८६ साली कामगारांनी प्रत्येकी सहा पेन्स वर्गणी काढून चेंडू घेतला. तोच आजचा आर्सेनल. पुढे १८९३ मध्ये त्याची कंपनी झाली. समभाग बहुतेक कामगारांनीच घेतले. पण समभाग विकता येतात. पैशाची अडचण आली तशी मालकी धनिकांकडे गेली आणि १९१३ मध्ये क्लब नदी ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवला गेला. ज्या कामगारांनी चेंडू घेतला होता, त्यांचे मैदानच त्यांच्या वस्तीतून गेले.

दुसरे उदाहरण थेम्स आयर्नवर्क्सचे. हा जहाजबांधणीचा कारखाना. तेथे संप झाले, कटुता आली. त्यानंतर १८९५ मध्ये मालकाच्या पाठिंब्याने फुटबॉल क्लब निघाला. मालकाचा हेतू काय होता, हे संघटनेत काम केलेल्यांना आम्ही सांगायला नको! पण १९०० साली तो क्लब कारखान्यापासून वेगळा करून नव्याने उभारला गेला आणि त्याला वेस्ट हॅम युनायटेड हे नाव मिळाले. १९१२ मध्ये कारखाना कायमचा बंद पडला. क्लब मात्र आजही आहे. त्याच्या चिन्हावर रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे दोन हातोडे अजून आहेत. वेळीच वेगळा झाला म्हणून तो कारखान्याबरोबर बुडाला नाही.

या दोन गोष्टींतून दोन धडे मिळतात. कारखान्यापासून वेगळे अस्तित्व हवे, हा एक. आणि केवळ वर्गणीने सुरुवात करून भागत नाही, मालकी विकता येणार नाही अशी तजवीज हवी, हा दुसरा. हे दोन्ही धडे ज्या क्लबने मोठी ठेच लागल्यावर शिकले, त्याची हकीगत आता जरा सविस्तर सांगतो.

इंग्लंडच्या नैऋत्येला एक्सेटर नावाचे जुने शहर आहे. तेथील एक्सेटर सिटी हा क्लब. एका वस्तीतला १९०१ चा संघ आणि शहरातला दुसरा एक संघ १९०४ मध्ये एकत्र आले, त्यातून तो झाला. १९२० मध्ये त्याला इंग्लंडच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला. त्यानंतर शंभर वर्षांत हा क्लब वरच्या दोन श्रेणींत एकदाही पोहोचला नाही. सारा जन्म तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत. पण २१ जुलै १९१४ रोजी रिओ दि जानेरोत ब्राझीलचा राष्ट्रीय संघ आपल्या आयुष्यातला पहिला सामना खेळला, तो याच एक्सेटर सिटीशी. ब्राझीलने तो दोन गोलांनी जिंकला.

असा हा साधा क्लब २००३ मध्ये मरणाच्या दारी आला. कारभार हाती घेतलेल्या मंडळींनी तो कर्जात लोटला. त्यांतील दोघांवर पुढे न्यायालयात फसवणुकीचे गुन्हे शाबीत झाले. त्याच उन्हाळ्यात संघ लीगमधून खाली, पाचव्या श्रेणीत घसरला. पैसे नाहीत, पत नाही. तेव्हा पाठीराख्यांच्या न्यासाने सप्टेंबर २००३ मध्ये बहुसंख्य समभाग घेतले. हे कोणी धनवान नव्हते. दरमहा छोटी वर्गणी देणारी, सुटीच्या दिवशी हातात रंगाचा ब्रश आणि झाडू घेऊन मैदानावर येणारी माणसे होती. प्रत्येक सभासदाला एक मत, मग वर्गणी कितीही देवो.

८ जानेवारी २००५ रोजी एफ.ए. कपच्या सामन्यात या पाचव्या श्रेणीतल्या संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर शून्य-शून्य बरोबरीत रोखले. सदुसष्ट हजारांहून अधिक प्रेक्षक होते. फेरसामना एक्सेटर हरले, पण दोन्ही सामन्यांच्या उत्पन्नातून डोक्यावरच्या कर्जाची वाट लागली. कोणी म्हणेल, हे नशीब. मान्य. पण ते नशीब उजाडेपर्यंत क्लब जिवंत ठेवला कोणी? आणि आलेला पैसा कोणाच्या खिशात न जाता कर्ज फेडण्यात गेला, तो कोणामुळे? २००८ मध्ये संघ चौथ्या श्रेणीत परतला, २००९ मध्ये तिसऱ्या. २०१२ मध्ये पुन्हा खाली आला, २०२२ मध्ये पुन्हा वर गेला. चढउतार चालूच राहिले. मालकी मात्र वीस वर्षांनंतरही सभासदांकडेच राहिली.

त्यांची अडचणही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही तुम्हाला फसवले असे होईल. सभासदांच्या क्लबकडे खेळाडू विकत घेण्यासाठी पैसा नसतो. म्हणून ते मुले घडवतात आणि मोठी झाली की विकतात. ऑली वॉटकिन्स हा त्यांच्याच प्रबोधिनीतला मुलगा. २०१७ मध्ये त्याला दुसऱ्या क्लबला दिले. तेथून तो पुढे विकला गेला तेव्हा त्या व्यवहारातलाही ठरलेला वाटा एक्सेटरला मिळाला. जुलै २०२४ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी गोल करून त्यानेच इंग्लंडला अंतिम फेरीत नेले. आपला चांगला मुलगा दरवेळी सोडून द्यायचा, हे सोपे नाही. पण तो पैसा पुन्हा पुढच्या मुलांवरच खर्च होतो.

कोणी विचारील, विलायतेतले आम्हाला कशाला सांगता? तर आपल्या कोल्हापुरात पाहा. तेथे कंपन्या नव्हत्या, तालमी होत्या. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे पेठापेठांतल्या तालमींची. शाहू स्टेडियमवर आजही पेठ आपल्या संघामागे उभी राहते. पेठांची ईर्षा कधीकधी हाणामारीपर्यंत जाते, हेही खरे आणि त्याची लाज वाटली पाहिजे. पण एखादी कंपनी बंद झाली म्हणून कोल्हापूरचा फुटबॉल बंद पडला नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

आणि याहून जवळचे हवे असेल, तर दल्ली-राजहराकडे बघा. भिलईच्या भट्ट्यांना लोहखनिज देणाऱ्या त्या खाणींतल्या कंत्राटी कामगारांनी, शंकर गुहा नियोगी यांच्या काळात, १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमदानाने शहीद रुग्णालय उभे केले. ज्यांना कायम नोकरी नव्हती, त्यांनी रुग्णालय चालवून दाखवले. मग आपल्याला एक फुटबॉल क्लब चालवता येणार नाही काय?

आता काय करावे, हे आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट, क्लबची संस्था म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी. कंपनीची मदत, मैदान, साहित्य जरूर घ्यावे. तो कामगारांच्या वसाहतीचा हक्कच आहे. पण मदत ही मदत राहावी, मालकी होऊ नये. मैदानाच्या वापराचा लेखी करार करून घ्यावा. तोंडी शब्द अधिकारी बदलला की बदलतो.

दुसरी गोष्ट, एक सभासद, एक मत. सभासदत्व विकता येऊ नये, हे घटनेतच लिहावे. वुलविचच्या कामगारांचे जे झाले, ते आपले होऊ नये.

तिसरी गोष्ट, कंत्राटी कामगार, त्यांची मुले आणि आपल्या मुली यांना पहिल्या दिवसापासून बरोबरीचे सभासद करावे. कायम कामगारांचा वेगळा आणि कंत्राटी कामगारांचा वेगळा, असा संघ आम्हाला नको. भट्टीसमोर दोघांनाही सारखाच चटका बसतो.

चौथी गोष्ट काही मित्रांना रुचणार नाही. हा क्लब संघटनेच्याही मालकीचा असू नये. संघटनेने पुढाकार घ्यावा, खुर्च्या लावाव्यात, वर्गणी गोळा करावी. पण उद्या संघटनेत गट पडले, निवडणूक हरली-जिंकली, तर त्याचा भुर्दंड अकरा पोरांना पडू नये. मालकाच्या मर्जीवरचा संघ आम्हाला नको असेल, तर पुढाऱ्याच्या मर्जीवरचाही नको.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, दरवर्षी हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. पै न् पै. एक्सेटर बुडाले ते बंद दाराआडच्या हिशेबांमुळे आणि तगले ते उघड हिशेबांमुळे.

असा क्लब कदाचित कधीच राष्ट्रीय विजेता होणार नाही. जिल्ह्याच्या, राज्याच्या खालच्या श्रेणीतच खेळत राहील. त्यात कमीपणा मानू नका. विजेते झालेले संघ एका सहीने बंद झालेले आपण आताच पाहिले. खालच्या श्रेणीतला, पण आपला संघ ज्या दिवशी हरेल, त्याच्या दुसऱ्या दिवशीही सरावाला मैदानावर हजर असेल. तो बंद करण्याची सही करण्याचा अधिकार कोणा एकाला नसेल.

आज सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. पहिल्या महिन्याची वर्गणी फार नाही, एका चहाइतकी आहे. नाव लिहून मगच घरी जावे, एवढीच विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.