भाकऱ्यांची चवड, रेशनची रांग आणि मुलीचं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. "पोरगी कॉम्प्युटर घ्यायचं म्हणते. त्यात गणित फार असतं म्हणे. झेपेल का तिला?" आज त्या गणिताचीच ओळख करून घेऊ.

ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला अशी कॉलेजं तुम्ही ऐकली असतील. संगणकाच्या पदवीला गेलेल्या मुलीला सुरुवातीलाच दोन विषय शिकावे लागतात. एक 'डेटा स्ट्रक्चर्स', म्हणजे माहिती कशी रचून ठेवायची. दुसरा 'डिस्क्रीट मॅथ्स', मराठीत विविक्त गणित. नावं जड आहेत, पण आतली गोष्ट आपल्या घरातली आहे.

आधी रचना पाहू. तव्यावरून उतरवलेल्या भाकऱ्यांची चवड लावतो. शेवटी ठेवलेली भाकरी पहिली उचलली जाते. संगणकात याला स्टॅक म्हणतात. मोबाइलवर मागे जायचं बटण दाबलं की आत्ताच सोडलेलं पान आधी येतं, ते याच रीतीनं. रेशनच्या दुकानात मात्र जी आधी आली तिचा नंबर आधी. ही रांग, म्हणजे क्यू. कुठे चवड लावायची आणि कुठे रांग, हे ओळखणं हाच अभ्यास. रेशनला चवडीचा नियम लावला तर पहाटे आलेली बाई शेवटपर्यंत उभीच राहील.

आता शोधायचं कसं? हजार नावांची यादी आहे. एकेक नाव वाचत गेलात तर हजारदा बघावं लागू शकतं. पण यादी अक्षरानुसार लावलेली असेल, तर मधलं नाव बघा. आपलं नाव त्याच्या आधीचं की नंतरचं? अर्धी यादी बाद. उरलेल्या अर्धीचं पुन्हा मधलं बघा. अशा फार तर 10 वेळांत नाव सापडतं. दहा लाख नावं असली तरी 20 वेळा पुरतात. गटाच्या वहीत नावं क्रमानं लिहिण्याचा फायदा इथे कळतो.

विविक्त गणित म्हणजे सुट्या वस्तूंचं गणित. दूध मापायचं असतं, अंडी मोजायची असतात. हे अंड्यांकडचं गणित. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती' ग्रंथात एक उदाहरण आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा चवींतून एक, दोन, तीन अशा चवी घेऊन किती मिश्रणं होतील? उत्तर 63. हा ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं खानदेशात चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला होता, असं तिथला शिलालेख सांगतो. म्हणजे हे गणित आपल्या मातीला नवं नाही.

रस्त्यांचं गणितही यातच येतं. आसनगावहून रेल्वेनं ठाण्याला यायचं तर कल्याणवाचून वाट नाही. कर्जतहून मात्र रुळांच्या दोन वाटा आहेत: एक कल्याणवरून, दुसरी पनवेल-दिव्यावरून. ठिकाणं म्हणजे ठिपके, रूळ म्हणजे रेघा. या चित्राला ग्राफ म्हणतात. मोबाइलचा नकाशा जवळची वाट दाखवतो तो असल्याच चित्रावरून.

शेवटी तर्क: 'आणि' व 'किंवा' यांतला फरक. तो आत्ताच आपल्या उपयोगाचा आहे. 2024-25 पासून राज्यात इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची फी माफ आहे. पण अटी नीट वाचा. मुलगी ओबीसी किंवा एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातली हवी, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. 'किंवा'मधलं एक पुरतं, पण 'आणि'मधलं एकही सुटून चालत नाही. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की बाकी सगळं असूनही माफी जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. नियम बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीचा शासन निर्णय पाहा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

साध्या बीएस्सीला जायचं असेल तर फीचा हिशेब वेगळा असतो. तो कॉलेजात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका.

अभ्यास अवघड नाही असं मी म्हणणार नाही. पुस्तकं इंग्रजीत असतात, सराव रोज करावा लागतो, लोकलचा प्रवास दमवतो. पण "मुलीच्या जातीला गणित जमत नाही" हे कारण त्यात बसत नाही. बचत गटाचं व्याज तोंडी काढणाऱ्या बाईच्या लेकीला तर नाहीच नाही. या आठवड्याच्या बैठकीत अटींचा कागद एकदा मोठ्यानं वाचा, आणि बारावीतल्या मुलींना शेजारी बसवा.