गिधाडं गेली, किंमत माणसांनी मोजली



जैवविविधता म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, ताडोबा आठवतं. मग वाटतं, हा आपल्या मोहल्ल्याचा विषय नाही. आपल्यापुढे शिक्षण, नोकरी, घर हे प्रश्न आहेत. म्हणून आज मी वाघाबद्दल बोलणार नाही. ज्याला पाहून लोक तोंड फिरवतात, त्या गिधाडाबद्दल बोलणार आहे.

1980 च्या दशकात भारतात कोट्यवधी गिधाडं होती, असा अंदाज आहे. गावाबाहेर टाकलेलं मेलेलं जनावर त्यांचा थवा बघता बघता हाडांपर्यंत साफ करायचा. पुढे 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. कारण 2004 मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून पुढे आलं: डायक्लोफिनॅक. आपण अंगदुखीवर घेतो तेच औषध. आजारी जनावराला ते दिलं आणि ते जनावर मेलं, की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. गिधाडं थव्याने जेवतात. त्यामुळे शंभरातल्या एखाद्याच मेलेल्या जनावरात हे औषध असलं, तरी पूर्ण प्रजाती संपायला ते पुरतं. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून तूट भरून निघत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुना कोड काढून टाकण्याआधी आम्ही पाहतो, त्याच्यावर आणखी काय काय चालतंय. निसर्गात अशी तयार यादी कुणाकडेच नसते. गिधाडं गेल्यावर मेलेली जनावरं तशीच सडत राहिली, पाण्यात घाण गेली, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही वाढला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्ह्यांची तुलना करून याचा हिशेब मांडला. तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. ही माणसं कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, हे सडलेलं पाणी विचारत नाही.

आपला दीन याबद्दल काय सांगतो? सूरह अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि आकाशातले पक्षी यांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. लावलेल्या झाडाचं फळ पक्ष्याने किंवा जनावराने खाल्लं, तर तोही सदका, असा हदीसचा आशय आहे. माणूस इथे खलिफा आहे, म्हणजे मालक नव्हे, अमानत सांभाळणारा. आणि हा विषय आपला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सलीम अली आठवावेत. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातल्या या माणसाने भारताला पक्षी ओळखायला शिकवलं.

आता करायचं काय? पहिलं, औषध. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे. माणसांसाठीची मोठी बाटली आणून जनावरांना टोचली जायची, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनच्या बाटलीवर 3 मिलीची मर्यादा आली. 2023 मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद झाले. घरी जनावरं असतील, तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

दुसरं, झाडं. रायगडच्या म्हसळा आणि श्रीवर्धन तालुक्यांत आजही गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावं तिकडेच आहेत. जून 2020 च्या निसर्ग वादळात तिथली असंख्य झाडं पडली. उरलेली तोडण्याआधी दहादा विचार करा. आपल्या कब्रस्तानात, दर्ग्याच्या आवारात जुनी झाडं असतात, त्यांची यादी करून ती कमिटीकडे द्या.

तिसरं, बकरी ईद. कुर्बानीनंतरचे अवशेष उघड्यावर टाकले तर ते खायला आता गिधाडं नाहीत, कुत्री आहेत. ते पालिकेच्या गाडीत द्या किंवा खोल पुरा. मोहल्ल्यातल्या तरुणांनी ही जबाबदारी घ्यावी.

चौथं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोकांना विचारून जैवविविधता नोंदवही करावी लागते. ती नोंदवही बघायला मागा. कोणत्या खाडीत कोणती मासळी कमी झाली हे मच्छीमार चाचांना ठाऊक असतं. कोणता पाला कशावर चालतो हे नानीला ठाऊक असतं. ते नोंदवहीत आलं नाही, तर त्यांच्याबरोबरच जाईल. आणि उद्या ती खाडी बुजवायची वेळ आली, तर तिथे काय होतं हे दाखवायला आपल्याकडे कागद नसेल.

तेव्हा या महिन्यात एवढंच करा: आपल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन विचारा, समितीवर कोण आहे आणि नोंदवही कुठे आहे. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दोघं-तिघं मिळून जा.